चुकांचा पाठलाग: स्पुटनिक ते कोल्हापूर

सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ च्या शुक्रवारी अवकाशात झेपावला. सोमवारी दुपारी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत, जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता. विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ त्या गप्पांत ओढले गेले आणि त्यांना एका गोष्टीचे नवल वाटले. एवढ्या मोठ्या संस्थेत त्या उपग्रहाचा आवाज ऐकण्याची खटपट कोणीच केली नव्हती! वायफेनबाख यांच्याकडे त्यांच्या संशोधनासाठी आणलेला एक उत्तम रिसीव्हर होता. त्याला तारेचा तुकडा जोडून दोघे कान देऊन बसले. थोड्याच वेळात पृथ्वीला प्रदक्षिणा घालणाऱ्या पहिल्या मानवनिर्मित वस्तूची टिवटिव त्या खोलीत घुमू लागली.

सुरुवातीला हे निव्वळ कुतूहल होते. पण टिवटिव ध्वनिमुद्रित करता करता दोघांच्या लक्षात आले की सूर स्थिर नाही. मिरजेकडे निघालेली आगगाडी फाटकावरून धडधडत जाताना तिची शिट्टी आधी चढी आणि गाडी पुढे गेल्यावर उतरलेली ऐकू येते, तसा हा सूर उपग्रह क्षितिजावर आला की चढा असायचा आणि डोक्यावरून पुढे गेला की घसरत होता. २० मेगाहर्ट्झच्या संदेशात ही सरक जेमतेम पाचशे हर्ट्झची. रेडिओ ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती एक पीडाच. रिसीव्हरची खुंटी पिळून ती घालवायची असते. गायर आणि वायफेनबाख यांनी खुंटीला हात लावला नाही. त्यांनी सरक मोजायला घेतली.

वेळ थोडा होता. स्पुटनिकमधील बॅटऱ्या फार काळ टिकणाऱ्या नव्हत्या, आणि तीन आठवड्यांनी तो खरोखरच मुका झाला. तेवढ्या अवधीत दर फेरीच्या वेळी दोघे यंत्राशी हजर राहिले. मोजलेल्या आकड्यांचा आलेख काढला, गणिताने काढलेल्या आलेखावर ठेवला, आणि दोन्ही जुळेनात. आपल्या डोक्यावर काहीशे किलोमीटर उंचीपर्यंत विद्युतभारित कणांचा एक थर पसरलेला आहे, त्याला आयनांबर म्हणतात. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना वाकत होता. ही चूकही त्यांनी झटकून टाकली नाही. आयनांबराचा परिणाम वेगवेगळ्या वारंवारतांवर वेगवेगळा पडतो. म्हणजे दोन वारंवारता एकाच वेळी ऐकल्या तर त्यांच्यातील फरकावरूनच चुकीचे माप काढता येईल. हा धडा पुढे साऱ्या दिशादर्शक उपग्रहांना उपयोगी पडला. कोल्हापूरच्या आकाशाशी या कथेची गाठ पडते तीही याच थरामुळे, पण त्याला अजून चार दशके अवकाश आहे.

पुढच्या महिन्यांत या दोघांनी केवळ सुराच्या चढउतारावरून उपग्रहाची कक्षा रेखाटून दाखवली. १९५८ च्या मार्चमध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी त्यांना बोलावून घेतले, दार लावले आणि एक प्रश्न टाकला. जमिनीवरची जागा ठाऊक असताना तुम्ही उपग्रह शोधलात. उपग्रहाची कक्षा ठाऊक असेल, तर जमिनीवरची अज्ञात जागा शोधता येईल का? मॅक्ल्युअर यांच्या मनात पाणबुड्या होत्या. खोल समुद्रात दडलेल्या त्या बोटींना आपण नेमके कुठे आहोत हे कळत नसे. गायर आणि वायफेनबाख यांनी गणित उलटे मांडले आणि उत्तर पाहून ते स्वतःच थक्क झाले. उलटे गणित सुलट्यापेक्षा सोपे निघाले होते. माझ्या मते उपग्रह दिशादर्शनाचा खरा साक्षात्कार त्या बंद खोलीत झाला. बाकीचे सारे त्याचा विस्तार आहे.

विस्तार मात्र रक्त आटवणारा होता. ‘ट्रान्झिट’ मालिकेतील पहिला उपग्रह सप्टेंबर १९५९ मध्ये कक्षेत पोहोचलाच नाही. दुसरा एप्रिल १९६० मध्ये स्थिरावला आणि १९६४ पासून आरमार या मालिकेच्या भरवशावर चालू लागले. जहाजांना हे पुरेसे होते. मोटारीला नव्हते. ट्रान्झिटकडून एकदा ठिकाण कळल्यावर पुढचे कळायला तासभरही वाट पाहावी लागे, आणि तेवढ्या वेळात मोटार कुठल्या कुठे गेलेली असते.

पुढची उडी घड्याळांनी घेतली. उपग्रहाने संदेशासोबत तो सुटल्याची वेळ पाठवावी, खालच्या यंत्राने तो पोहोचल्याची वेळ पाहावी, आणि दोन्हींतील फरकावरून अंतर काढावे. असे चार उपग्रह एकदम ऐकू आले तर पृथ्वीवरचे ठिकाण आणि अचूक वेळ दोन्ही हाती येतात. कल्पना सुबक आहे, पण सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो. घड्याळ तितके नेमके हवे. नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉजर ईस्टन अवकाशात घड्याळे पाठवण्याच्या मागे लागले होते. हवाई दलाचा स्वतंत्र आराखडा होता. १९७३ च्या ऑगस्टमध्ये हवाई दलाचे कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांनी आपली योजना वरिष्ठांपुढे ठेवली आणि ती फेटाळली गेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कामगार दिनाच्या सलग सुटीत, पेंटागॉन ओस पडलेले असताना, पार्किन्सन मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन तिथे बसले आणि प्रतिस्पर्धी आराखड्यांतले उत्तम ते उचलून त्यांनी नवी योजना बांधली. डिसेंबरात तिला मान्यता मिळाली. तीच आजची जीपीएस.

या टप्प्यावर एक विलक्षण वाद उभा राहिला. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार उंचावरील घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा वेगळ्या गतीने चालायला हवे. कागदावर हे सगळ्यांना मान्य होते. पण खऱ्याखुऱ्या यंत्रात ही दुरुस्ती करावी लागेल का, किती, आणि कोणत्या दिशेने, यावर एकमत नव्हते. काहींना तर तिची गरजच वाटत नव्हती. २३ जून १९७७ रोजी सिझियमचे पहिले अणुघड्याळ घेऊन ‘एनटीएस-२’ उपग्रह वर गेला, तेव्हा त्यात दुरुस्तीची सोय बसवली होती, पण ती बंद ठेवलेली होती. सुमारे वीस दिवस घड्याळ मोकळे चालू दिले. सिद्धांताचे भाकीत होते की ते एक लाख कोटी भागांत ४४६.५ भागांनी पुढे धावेल. मोजणीत आकडा आला ४४२.५. शंकेला जागा उरली नाही आणि दुरुस्ती चालू करण्यात आली. जीपीएसच्या कक्षेत हा फरक दिवसाला सेकंदाच्या ३८ दशलक्षांश भागांइतका होतो. तो सोडून दिला असता, तर चोवीस तासांत अंतराच्या हिशेबात अकरा किलोमीटरची भर पडली असती; कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर उभ्या असलेल्या माणसाला यंत्राने शहराबाहेर नेऊन ठेवले असते.

जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये उडाला. पण पुरेसे उपग्रह आकाशात जमायला वर्षे लागणार होती आणि मोटारी बनवणाऱ्यांना तेवढा दम नव्हता. त्यांनी आकाशाविनाच प्रयत्न सुरू केले. जपानमध्ये होंडाने १९८१ मध्ये वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप मोटारीत बसवला. गाडी वळली की तो वळण टिपायचा, चाकांवरून अंतर मोजले जायचे आणि पडद्यावर ठेवलेल्या पारदर्शक नकाशावर ठिपका सरकायचा. मात्र प्रत्येक वळणाची बारीकशी चूक पुढच्या वळणाच्या चुकीत मिसळत जाई आणि बराच प्रवास झाल्यावर ठिपका रस्ता सोडून शेतात शिरे.

तोड निघाली ती समुद्रावर. स्टॅन हनी हा कॅलिफोर्नियातील अभियंता शिडाच्या शर्यतींत दिशादर्शकाचे काम करी. १९८३ च्या लॉस एंजेलिस ते होनोलुलू शर्यतीत तो ‘चार्ली’ नावाच्या बोटीवर होता. बोट होती व्हिडिओ खेळांच्या धंद्यातले बडे प्रस्थ, नोलन बुशनेल यांची. रात्रीच्या पाळीत गप्पा मोटारीच्या दिशादर्शनावर वळल्या, आणि बोट शर्यतीत सर्वांआधी किनाऱ्याला लागली तेव्हा हनीला भांडवलदार मिळाला होता. ‘इटॅक’ कंपनी त्यातून उभी राहिली.

हनीची युक्ती साधी आणि तेजस्वी होती. मोटार रस्त्यावरच चालते, मग तिची चूक सुधारायला रस्त्यासारखा साक्षीदार दुसरा कोणता? चाकांवरचे संवेदक आणि होकायंत्र सांगतात की गाडी काटकोनात डावीकडे वळली. यंत्राच्या हिशेबाने तिथे रस्ता नाही, पण थोडे पुढे नेमके तसे वळण आहे. म्हणजे गाडी त्या वळणावर आहे, आणि तोवर साचलेली सगळी चूक तिथल्या तिथे पुसायची. पुढचा प्रश्न नकाशांचा. शहरेच्या शहरे आकड्यांत उतरवावी लागली. हे आकडे ठेवायला मोटारीत टिकणारे एकच स्वस्त साधन होते, गाण्यांची असते तशी कॅसेट. लॉस एंजेलिस एका कॅसेटमध्ये मावेना. ड्रायव्हरला शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना कॅसेट बदलावी लागे. १९८५ मध्ये यंत्र बाजारात आले, किंमत सुमारे १,४०० डॉलर. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांचे रस्ते होते, आणि गाडीची खूण एकाच जागी स्थिर राहून भोवतालचा नकाशा फिरे. प्रशांत महासागरातील जुने नावाडी असेच मानत, की होडी जागेवर आहे आणि बेटे तिच्याजवळून सरकत आहेत. आज प्रत्येक फोनवर दिसणारा फिरता नकाशा तिथून आला. विक्री मात्र थोडकीच झाली. पुढे इटॅक एका कंपनीकडून दुसरीला विकली जात शेवटी टॉमटॉम कंपनीत सामावली, आणि त्या टॉमटॉमचे एक मोठे केंद्र आज पुण्यात आहे.

ज्या वर्षी हनी समुद्रावर होता त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९८३ रोजी, वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले. २६९ माणसे गेली. अध्यक्ष रेगन यांनी पंधरवड्यात जाहीर केले की जीपीएस पूर्ण झाल्यावर सामान्य नागरिकांसाठीही खुली असेल. पण ती पूर्ण होणे लांबतच गेले. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यान आकाशात फुटले आणि त्या यानांतून जाणारे जीपीएस उपग्रह जमिनीवर अडकून पडले. नव्या पिढीचा पहिला उपग्रह निघाला थेट १९८९ मध्ये, साध्या रॉकेटवरून.

१९९० मध्ये जपानमध्ये माझदाने ‘युनोस कॉस्मो’ ही गाडी आणली. तिच्यात उपग्रहांवरून वाट दाखवणारे यंत्र कारखान्यातच बसवलेले होते. आकाश आणि मोटार यांची गाठ अखेर पडली.

पण हे आकाश हातचे राखून बोलत होते. अमेरिकी लष्कर नागरिकांच्या संदेशात जाणूनबुजून चूक मिसळत असे, त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुके. समांतर रस्ते असलेल्या शहरात शंभर मीटर म्हणजे दुसरीच पेठ. यावरही तोड निघाली, आणि ती अमेरिकेच्याच तटरक्षक दलाने अमलात आणली. ज्याची जागा इंच-इंच ठाऊक आहे अशा ठिकाणी रिसीव्हर ठेवायचा, उपग्रह त्याला कुठे दाखवतात ते पाहायचे, आणि दोन्हींतला फरक आसपासच्या सगळ्यांना कळवायचा. सरकारचा एक हात चूक घाली, दुसरा काढी. शेवटी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक मिसळणे थांबवण्याचा निर्णय घेतला. भारतात २ मे २००० ची सकाळ होती, साडेनऊचा सुमार. जगभरच्या रिसीव्हरवरील आकडे काही मिनिटांत एका जागी येऊन थांबले, आणि मोटारीतील दिशादर्शनाचा बाजार खऱ्या अर्थाने खुला झाला.

माणसाने घातलेली चूक हटली आणि निसर्गाची उघडी पडली. ती सर्वांत जास्त कुठे आहे, याचे उत्तर आपल्या डोक्यावर आहे.

पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा येथे १९६३ मध्ये रॉकेट प्रक्षेपण केंद्र उभे राहिले ते त्यामुळेच. दिवसा या रेषेवरचे विद्युतभारित कण उंच उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला जाऊन साचतात. या विचित्र साठ्याचा उलगडा करण्यात कोलकात्याचे शिशिरकुमार मित्र १९४६ मध्येच आघाडीवर होते. कोल्हापूर या उसळीच्या उगमाच्या आणि साठ्याच्या मधोमध वसले आहे. म्हणून इथल्या आकाशातून येणाऱ्या संदेशाचा उशीर तासातासाला बदलतो, आणि सूर्यास्तानंतर तर वेगळेच नाट्य घडते. आयनांबराचा खालचा भाग अंधार पडताच झपाट्याने विरतो, वरचा दाट राहतो. जड थर वर आणि हलका खाली, ही स्थिती टिकत नाही. खालचा विरळ भाग वरच्या दाट थरात घुसतो आणि शेकडो किलोमीटर उंचीचे बुडबुडे आकाशात चढू लागतात. त्यांच्या कडांवरून आलेला उपग्रहाचा संदेश थरथरतो, कधी तुटतोही, आणि चांगला चाललेला रिसीव्हर अचानक उपग्रह हरवून बसतो.

हे बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. रात्री सुमारे २५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू ६३० नॅनोमीटरचा अतिमंद लाल प्रकाश सोडतात. जिथे बुडबुडा असतो तिथे तो प्रकाश मंदावतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था यांनी मिळून या आकाशाचा पिच्छा पुरवला. विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून संस्थेच्या रडारने वरच्या वातावरणातील वाऱ्यांचा वेध घेतला, आणि सबंध आकाश एकाच चित्रात टिपणाऱ्या कॅमेऱ्याने रात्रीच्या लाल प्रकाशाचा. काम चिकाटीचे. चंद्र असला की प्रतिमा धुऊन निघते, म्हणून काळोख्या रात्रीच उपयोगाच्या. पावसाळ्यात कोल्हापूरचे आकाश महिनोन् महिने बंदच. हाती उरतात त्या हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या निवडक रात्री, आणि त्यांतही बुडबुडे येतीलच याची हमी नसते. ते विषुवदिनांच्या आसपास आणि सूर्य खवळलेला असतानाच्या वर्षांत जास्त उठतात.

पण ज्या रात्री ते आले, त्या रात्रींनी भरभरून दिले. चित्रांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे उमटले आणि एकापाठोपाठच्या चित्रांत ते पूर्वेकडे सरकताना दिसले. विद्यापीठातील डॉ. ए. के. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पट्ट्यांचा वेग मोजला आणि बुडबुडा जन्मतो, वाढतो, फाटतो कसा याच्या अवस्था नोंदवल्या. या संशोधनाने कोणत्याही मोटारीत थेट काही बसले नाही. तरीही मला ते या कथेच्या मध्यभागी वाटते. गायर आणि वायफेनबाख यांच्या आलेखात जी अनोळखी चूक शिरली होती, तिचा चेहरा कोल्हापूरच्या त्या चित्रांत दिसतो.

या चुकीची किंमत भारताला लवकरच कळली. विमानांना जीपीएसच्या चुका सुधारून देणारी ‘गगन’ यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण मिळून उभारत होते. तटरक्षक दलाचेच तत्त्व, पण देशभर: नागपूर, गोवा यांसारख्या ठिकाणी रिसीव्हर बसवायचे आणि दुरुस्ती उपग्रहातून पाठवायची. अमेरिकेत आयनांबर एकच पातळ थर मानून काम भागले होते. आपल्या आकाशाने ते मानले नाही. देशभर वर्षानुवर्षे नोंदी गोळा झाल्या आणि इस्रोला अनेक थरांचे स्वतःचे गणित बांधावे लागले. ३० डिसेंबर २०१३ रोजी गगनला पहिली मान्यता मिळाली. विषुववृत्तीय आयनांबराच्या प्रदेशात असे काम करणारी ती जगातील पहिली यंत्रणा.

तोवर भारताने स्वतःचे दिशादर्शक उपग्रहही सोडायला घेतले होते. पहिला १ जुलै २०१३ रोजी, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी. त्याच दिवशी यंत्रणेचे ‘नाविक’ असे नामकरण झाले. आयनांबराची खोड ओळखून तिला आरंभापासूनच एकमेकींपासून दूरच्या दोन वारंवारता दिलेल्या होत्या. आणि मग, सारे जमले असे वाटत असताना, घड्याळांनी दगा दिला. पहिल्या उपग्रहातील परदेशी बनावटीची तिन्ही रुबिडियम घड्याळे एकामागून एक बंद पडली. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतही त्याच सुमारास घड्याळे थांबत होती. बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ च्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून उडाला, पण रॉकेटच्या टोकाचे कवच उघडलेच नाही आणि उपग्रह त्यातच कोंडून राहिला. आठ महिन्यांच्या आत, १२ एप्रिल २०१८ रोजी, त्याची जागा दुसऱ्याने घेतली.

अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात याच काळात एक शांत झुंज चालू होती. बाहेरून आणलेले घड्याळ बंद पडले की ते उघडून पाहता येत नाही. आपले असेल तर त्याचा प्रत्येक दोष आपल्या ओळखीचा. २९ मे २०२३ रोजी ‘एनव्हीएस-०१’ हा उपग्रह तिथे घडवलेले रुबिडियम घड्याळ घेऊन वर गेला. भारतीय अणुघड्याळ प्रथमच कक्षेत चालू लागले. त्यासोबत जीपीएसच्या ओळखीची तिसरी वारंवारताही आली, म्हणजे मोटारीतली आणि फोनमधली साधी यंत्रेही नाविकचा संदेश सहज ऐकू शकतील.

पुढचा ‘एनव्हीएस-०२’ २९ जानेवारी २०२५ रोजी निघाला. श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे प्रक्षेपण. रॉकेटने काम चोख केले, पण उपग्रहाच्या इंजिनाकडे ऑक्सिडायझर सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि तो ठरल्या कक्षेत चढू शकला नाही. त्याच सुमारास सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्राच्या शिखरावर होता आणि कोल्हापूरच्या आकाशात बुडबुड्यांचा हंगाम भरात येत होता.